चादरी किती दिवसांनी धुवायच्या?

मागच्या महिन्यात माझी भाची मोबाईल घेऊन अम्मीजवळ बसली होती. तिच्याकडे कुठूनशी एक यादी आली होती. घरातली कोणती वस्तू किती दिवसांनी धुवावी, पुसावी, वाळवावी याचा तक्ताच. चादरी आणि उशांचे अभ्रे दर आठवड्याला, अंग पुसायचे टॉवेल दर तीन दिवसांनी, पायपुसणी आठवड्याला, पडदे तीन महिन्यांनी, गाद्यांना ऊन सहा महिन्यांनी. भाची एकेक ओळ वाचत होती आणि अम्मी हातातली तसबीह थांबवून ऐकत होती. यादी संपल्यावर तिनं एकच विचारलं, "और नल कितने दिन से आता, वो लिखा क्या उसमें?"

ते लिहिलेलं नव्हतं.

सगळे हसले, मीही हसले. पण घरी परतताना वाटलं, अम्मीनं विचारला तोच खरा प्रश्न आहे. आणि त्याच्या मागे आणखी एक प्रश्न आहे, जो तिनंही विचारला नाही: हे सगळं धुणार कोण, हे त्या यादीत लिहिलं आहे का?

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमचा बुलडाणा जिल्हा दोन मजल्यांचा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलेला भाग म्हणजे घाटावरचा, आणि डोंगर उतरून पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला तो घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा वर. खामगाव, शेगाव, मलकापूर, संग्रामपूर खाली. माती वेगळी, ऊन वेगळं, बोलण्याचा हेलसुद्धा वेगळा. नळाची वाट पाहणं मात्र दोन्हीकडे सारखंच. मी घाटावरच्या एका गावात राहते. इथे बऱ्या दिवसांत आठवड्यानं नळ येतो. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी येतो. मोटर जळाली किंवा पाइप फुटला तर मग मोजणंच सोडून द्यायचं.

एक हिशोब मांडते. आमच्या घरात सहा माणसं. गच्चीवर हजार लिटरची टाकी आणि खाली दोनशे लिटरचे चार ड्रम. सगळं काठोकाठ भरलं तर अठराशे लिटर. नळ दहा दिवसांनी आला तर माणशी रोजचे तीस लिटर. त्यातच पिणं, स्वयंपाक, आंघोळ, संडास, वजू आणि धुणंभांडी. सरकारची जल जीवन मिशन खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी द्यायचं म्हणते. वरून कपडे टाकायचं वॉशिंग मशीन एका वेळेला शंभर लिटरच्या आसपास पाणी पितं. म्हणजे मशीन एकदा लावलं की घरातल्या तीन माणसांचा दिवसभराचा वाटा संपला. या हिशोबात "चादरी दर आठवड्याला" हे वाक्य कुठे बसवायचं ते मला कोणी सांगावं.

म्हणून आमच्याकडे धुण्याचा वार नसतो, धुण्याचा नळ असतो. नळ आला की आधी प्यायचं भरायचं, मग टाकी, मग ड्रम, मग बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते. हे सगळं भरून झालं आणि नळ अजून चालू असला, की त्या वाहत्या पाण्यावर दहा दिवसांचे कपडे काढायचे. नळ पहाटे तीनला आला तर तीनला उठायचं. त्या दिवशी बाईला ताप असो, मुलाची परीक्षा असो, रोजा असो, नळ थांबत नाही.

आता घाटाखाली उतरू. माझ्या नानीचं गाव संग्रामपूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही अंगांना बुलडाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. जमीन काळीभोर, पीक चांगलं, पण जमिनीखालचं पाणी खारं. त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. पाण्यातले क्षार साबणाशी मिळून त्याचा पांढरा चिकट साका करतात आणि तो साका कापडातच बसतो. म्हणजे जितकं धुवाल तितकं कापड करडं आणि कडक होत जातं. नानी पाण्यात आधी धुण्याचा सोडा टाकून ठेवायची, क्षार खाली बसू द्यायची आणि वरचं पाणी घ्यायची. मामूंचा ईदचा पांढरा कुर्ता मात्र ती विहिरीच्या पाण्याला लावायचीच नाही. पावसाळ्यात टिनाच्या पागोळ्यांखाली घागरी मांडून धरलेलं पाणी त्या एका कुर्त्यासाठी राखून ठेवायची.

गंमत पाहा, याच जिल्ह्यात घाटावर लोणारचं सरोवर आहे, खाऱ्या आणि सोड्याच्या पाण्याचं. अकबराच्या काळात अबुल फजलनं आईन-ए-अकबरीत या भागाची नोंद करताना, इथे काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो असं लिहून ठेवलं आहे. साबणाचा माल एका टोकाला आणि साबण चालत नाही असं पाणी दुसऱ्या टोकाला, असा आमचा जिल्हा. नानीचा सोडा अर्थात लोणारचा नव्हता, किराणा दुकानातल्या पुडीतला होता.

पण मला सांगायचं आहे ते हे की नानीला चादर किती दिवसांनी धुवायची याचं उत्तर पक्कं ठाऊक होतं. जेवढी लागेल तेवढीच. कारण जास्त धुतली तर ती खराब होते. पुढे वान धरणाचं गोडं पाणी नळानं गावोगावी आलं. खारपाणपट्ट्यात किडनीच्या आजारानं माणसं गेलेली घरं मी पाहिली आहेत. त्यामुळे गोड्या पाण्याचं मोल मला कोणी सांगायला नको. पण मामींच्या काळात त्या घरात एक गोष्ट बदलली. पाणी गोडं झालं, फेस यायला लागला, मशीन आलं आणि धुणं कमी होण्याऐवजी वाढलं. नानीच्या घरी माणशी कपड्यांचे दोन-तीन जोड होते आणि घालून काढलेला कुर्ता खुंटीवर लटकायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगात जायचा. मामींच्या घरी अंगातून काढलेला प्रत्येक कपडा थेट मशीनच्या टोपलीत जातो.

हे फक्त मामींचं नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये याच विषयावर एक पुस्तक लिहिलं. घरकामाची यंत्रं आली, तरी बायकांचं काम हलकं झालं नाही, कारण यंत्राबरोबर स्वच्छतेची अपेक्षाही वाढली आणि जी कामं पूर्वी नवरा, मुलं किंवा धोबी करायचे तीही बाईकडे आली, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे सर्फ १९५९ मध्ये आलं, निरमा १९६९ मध्ये. शुभ्रतेच्या जाहिराती आल्या आणि शेजारणीचा सदरा माझ्या सदऱ्यापेक्षा पांढरा का, हा प्रश्न घरात शिरला. तो प्रश्न त्यांनी नवऱ्याला कधी विचारला नाही. तो नेहमी बाईलाच विचारला.

आकडे सरकारचेच आहेत. २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. २०२४ च्या सर्वेक्षणात बाईची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, तर पुरुषानंही लगेच आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली. आणि हे त्या दिवशी काही ना काही घरकाम केलेल्या पुरुषांचं झालं. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात २६ होते आणि बायका ८१.

आता आपल्या माणसांशी बोलते. स्वच्छतेचा विषय निघाला की आपण लगेच दीनची गोष्ट काढतो. पाकी म्हणजे अर्धं ईमान, हे प्रत्येक मुसलमान मुलाला अक्षरओळखीआधी ठाऊक असतं. खरंच आहे ते. पण पाकीचा अर्थ काय? आपल्या घरात दोन शब्द वेगवेगळे आहेत, पाक आणि साफ. आपण ते एकात एक मिसळले. शेतातून आलेल्या माणसाचा सदरा मातीनं मळलेला असतो, घामानं ओला असतो. तो साफ नाही, पण पाक आहे. त्यावर नमाज होते. लाँड्रीतून आलेल्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर लघवीचा शिंतोडा असला तर तो साफ दिसतो, पण पाक नाही. म्हणजे दीननं जे मागितलं आहे ते मोजकं आहे. नापाकी लागली तर ती धुवा. चमक मागितलेली नाही.

आणि "किती वेळा" हेही दीननं बऱ्याच ठिकाणी सांगून ठेवलं आहे. आंघोळ निदान सात दिवसांतून एकदा, जुमाची. नखं आणि नको असलेले केस काढायला चाळीस दिवसांपलीकडे उशीर नको. पाणी किती, तेही. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची वजू एक मुद्द पाण्यात व्हायची आणि आंघोळ एक साअमध्ये, फार तर पाच मुद्दमध्ये. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, हनफी हिशोबानं थोडं जास्त. साअ त्याच्या चौपट. म्हणजे एक छोटी बादलीही नाही. एकदा एका खेडुतानं मस्जिदीतच लघवी केली. लोक त्याच्या अंगावर धावले. हुजूरांनी त्यांना थांबवलं, त्याला त्रास देऊ नका म्हणाले, आणि त्या जागेवर एक बादली पाणी ओतायला सांगितलं. झालं, पाक. वाळवंटात उतरलेला दीन आहे हा. पाण्याची किंमत त्याला ठाऊक आहे. आम्हा बुलडाण्याच्या माणसांना तर तो जास्तच कळायला हवा.

पण आपण काय केलं? मला अशी घरं माहीत आहेत जिथे मशीनमधून धुऊन, पिळून निघालेले कपडे पुन्हा नळाखाली तीन पाण्यांतून काढतात, कारण "मशीन में पाक नहीं होते". मशीनमध्ये स्वच्छ पाणी भरतं, निघून जातं, पुन्हा भरतं. नापाकीचा अंश उरला नाही तर कपडे पाक आहेत, असं अनेक उलेमांनी सांगितलेलं आहे. तरी मन मानत नाही. या न मानण्याला आपल्याकडे शब्दही आहे, वस्वसा. आणि वस्वशाच्या नादी लागू नका अशीच शिकवण आहे. नवल याचं वाटतं की हा वस्वसा धरणारी सासू असते आणि तीन पाणी काढणारी सून.

आता त्या गोष्टीकडे येते जी लिहायला मला सगळ्यात जड जाते. नोकरीला लागले त्या वर्षी ईदला शाळेतल्या मैत्रिणींना शीरखुर्म्याला बोलावलं होतं. त्यातली एक, मनानं फार चांगली, आजही माझी मैत्रीण आहे, घरात शिरताच म्हणाली, "अगं, किती स्वच्छ आहे गं तुमचं घर! मला वाटलं नव्हतं." अम्मी खूश झाली. मी शीरखुर्मा वाढायला आत गेले आणि थोडा वेळ आतच थांबले. तिला काय वाटलं होतं, ते मला ठाऊक होतं. आमच्या मोहल्ल्याबद्दल गावात काय बोलतात ते लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

त्यानंतर मी एक पाहिलं. घरी कोणी बिगर-मुस्लिम पाहुणा येणार असला की अम्मी फरशी दोनदा पुसते. सोफ्यावरची कव्हरं कालच धुतलेली असली तरी बदलते. एरवी आठवड्याला निघणारं बाथरूम त्या दिवशी सकाळी पुन्हा घासते. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण ती घर पुसत नसते. आम्ही घाण नाही, असा दाखला काढत असते. आणि हा दाखला एकदा काढून चालत नाही, दर पाहुण्याला नवा काढावा लागतो. आपल्या कितीतरी घरांत चादरी किती दिवसांनी धुवायच्या हे मळावर ठरत नाही, या भीतीवर ठरतं. कौमच्या इज्जतीचा भार, आणि तो वाहतात बायकांचे गुडघे.

२०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातलेही तालुके होते. पुढच्या वर्षी रमजान ७ मेला लागला. नळ जवळजवळ बंद होता, गल्लीत टँकर यायचा. अम्मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. पंचविसाव्या रोज्याला तिनं विकतचं पाणी घेतलं आणि घरातले अकरा पडदे काढून भिजवले. ईद जवळ आली होती. दुपारी दीडच्या सुमारास ती ड्रमजवळ पडली. भाऊ दुकानावर, भावजय स्वयंपाकघरात. आवाज आला तेव्हा कळलं. मनगट मोडलं होतं आणि अंगात पाणी उरलं नव्हतं. तरी ती रोजा तोडायला तयार नव्हती. आजारी माणसाला सूट आहे, नंतर कजा करता येते, हे तिनंच आम्हाला शिकवलेलं. शेवटी अब्बांनी रागावून तिच्या तोंडाला ग्लास लावला. दवाखान्यात मी तिला विचारलं, पडद्यांची एवढी काय घाई होती? ती म्हणाली, "ईद पे लोग आते ना बेटा."

त्या ईदला पडदे लागलेच नाहीत. ओले पडदे भावजयीनं कसेबसे वाळवले आणि पेटीत टाकले. दिवसभर पाहुणे आले-गेले, आमचे आणि बाहेरचेही. खिडक्यांना पडदे नाहीत हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात काही गोष्टी बदलल्या. त्या सांगते, कारण नुसती तक्रार करून थांबणं मला आवडत नाही.

पहिली गोष्ट आम्ही शेजारच्या काकूंकडून घेतली. त्यांच्याकडे नवरात्राआधी "दसरा काढतात". घरातल्या गोधड्या, वाकळा, रग, सगळं अंथरूण-पांघरूण एकदम बाहेर निघतं आणि नदीवर, विहिरीवर धुतलं जातं. आम्ही लहानपणापासून ते पाहत आलो, पण त्यामागचं शहाणपण कळलं नव्हतं. पाऊस नुकताच सरलेला असतो, ओढे-विहिरी भरलेल्या असतात आणि ऊन कडक पडायला लागलेलं असतं. वर्षातलं सगळ्यात मोठं धुणं करायला यापेक्षा चांगला काळ नाही. आपला रमजान चांद्र वर्षाचा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत जातो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. पाणी मात्र सरकत नाही. ते जूनमध्येच येतं आणि मे महिन्यात नसतंच. म्हणून आमच्याकडे आता मोठी झाडझूड आणि रजयांचं धुणं काकूंच्या दसऱ्याबरोबर होतं. रमजानच्या आधी फक्त स्वयंपाकघर, नमाजची जागा आणि जानमाजी. याला दीनची हरकत नाही. काकू तर खूश आहेत, त्यांना दोरी बांधायला माणसं मिळाली.

दुसरी गोष्ट, आम्ही कामांची फोड केली. काही कामांना उशीर चालत नाही, पाणी असो वा नसो. प्यायच्या पाण्याचा माठ आणि त्यातला ओगराळा, ओटा, ओट्यावरचं ओलं फडकं, संडास, बाळाचे आणि आजाऱ्याचे कपडे, आतले कपडे. ही रोजची. फडकं नुसतं धुऊन भागत नाही, ते उन्हात वाळलं पाहिजे. दिवसभर ओलं राहिलेल्या फडक्यानं ताट पुसणं म्हणजे घाण पसरवणं. अभ्रे, टॉवेल, चादरी नळाच्या दिवशी. नळ बारा दिवसांनी आला तर चादर बारा दिवसांनी. मधे तिला झटकून दोन तास कडक उन्हात टाकायची, ऊन आमच्याकडे फुकट आणि भरपूर आहे. बाहेर घालायचा बुरखा, जीन्स, स्वेटर दिसायला मळल्याशिवाय नाही. पडदे वर्षातून एकदा. आणि फरशी रोज दोनदा पुसणं बंद. झाडू दोनदा, पोछा दोन दिवसांआड.

यात एक काम असं आहे ज्याला मी सगळ्यांच्या वर ठेवते आणि जे मोबाईलवरच्या त्या यादीत नव्हतं: पाण्याचे ड्रम. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्यात आठवडाभर, फार तर दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो: भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. सल्ला योग्यच आहे. पण ज्याच्याकडे नळ दहा दिवसांनी येतो त्यानं सातव्या दिवशी ड्रम रिकामा कुठे करायचा? आम्ही असा मार्ग काढला. प्रत्येक ड्रमच्या तोंडाला जुन्या दुपट्ट्याचं दुहेरी कापड रबरानं घट्ट बांधलेलं असतं. एक ड्रम आधी संपवायचा, मग दुसरा, एकदम चारही उघडायचे नाहीत. आणि नळ यायच्या आधी रिकामा ड्रम आतून खसखसून घासायचा, कारण डासाची अंडी काठावर चिकटून कोरडीसुद्धा महिनोन् महिने टिकतात. चादर चार दिवस उशिरा धुतल्यानं कोणी दवाखान्यात गेलेलं मी पाहिलं नाही. ड्रम न घासल्यानं गेलेली मुलं आमच्या गल्लीत आहेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड गेली. किती वेळा धुवायचं हे जो धुतो त्यानं ठरवायचं. ज्याला जास्त वेळा हवं त्यानं स्वतः धुवावं. हे मी भावांसमोर बोलले तेव्हा घरात शांतता पसरली. मग बीबी आएशांची आठवण करून द्यावी लागली. हुजूर घरी असताना काय करायचे, असं त्यांना विचारलं होतं. घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की निघायचे, असं त्यांनी सांगितलं. आपली चप्पल सांधायचे, आपला कपडा शिवायचे, असंही आलं आहे. दाढी सुन्नत म्हणून ठेवणाऱ्या माझ्या भावांनी ही सुन्नत तोवर कोणा तकरीरीत ऐकलीच नव्हती. मौलाना लोकांनाही विनंती आहे, जुमाच्या बयानात पाकीवर बोलता, तसं एकदा धुण्यावरही बोला.

आपल्या वऱ्हाडालाही हे शिकवणारा माणूस झाला. शेंडगावचे गाडगेबाबा परीट घरात जन्मले, म्हणजे लोकांचे कपडे धुणाऱ्यांच्या घरात. मोठे झाल्यावर ते कोणाला झाडायचा उपदेश करत बसले नाहीत. गावात शिरले की आधी स्वतः झाडू हातात घ्यायचे आणि कीर्तन नंतर. आपल्याकडे क्रम उलटा आहे. कीर्तन पुरुष करतात.

आणि घराच्या उंबऱ्याबाहेरही हाच प्रश्न विचारायला हवा. आपल्या बायका घर दिवसातून दोनदा झाडतात, पण गल्लीतली नाली किती दिवसांनी निघते? आमच्या मोहल्ल्यातली मी मोजली आहे. मागच्या पावसाळ्याआधी एकदा निघाली, गाळ काठावर ठेवला, आणि पहिल्या पावसात तो पुन्हा आत गेला. गावातल्या दुसऱ्या भागात यापेक्षा जास्त वेळा निघते, ते येता-जाता दिसतं. मोहल्ला घाण का दिसतो याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं आपल्यापाशी. घर झाडून कचरा नालीत लोटणारे आपणच, बकरी ईदच्या संध्याकाळी पिशव्या कोपऱ्यावर टाकणारेही आपणच. ज्या घरात जानमाजीवर धूळ चालत नाही त्या घरासमोर प्लास्टिकनं तुंबलेली नाली कशी चालते? अर्ज घेऊन पालिकेत जायचं काम पुरुषांचं आहे असं म्हणतात. ठीक आहे, मग जा. पुढच्या नळाच्या दिवशी चादरी धुऊन झाल्या की जा.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो बायकाच घेतात. पुरुषांना धुता येत नाही. कॉलर तशीच राहते, साबण नीट निघत नाही, मग आम्हालाच दुसऱ्यांदा धुवावं लागतं. त्यापेक्षा आपणच धुतलेलं बरं. हे खोटं नाही. पण आपल्यालाही पहिल्या दिवशी येत नव्हतं. आपली चूक झाली तेव्हा कोणी आपल्या हातातून बादली काढून घेतली नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायला लावलं. त्यांनाही तसंच लावावं लागेल. आणि तोवर थोडी मळकी कॉलर आपल्याला सोसावी लागेल.

भाचीनं मोबाईलवरची ती यादी सोडून दिली आहे. तिनं वहीचं एक पान फाडून अम्मीच्या फ्रिजवर चिकटवलं आहे. त्यावर दोनच रकाने आहेत: नळ आला ती तारीख, आणि कोणी धुतलं. मागच्या तीन नळांत माझ्या भावाचं नाव एकदा आलं आहे. अम्मी सांगत होती, त्यानं धुतलेल्या चादरीत साबण राहिला होता, हाताला लागत होता. मी विचारलं, मग पुन्हा धुतलीस का?

"नहीं," ती म्हणाली. "वैसीच बिछाई."